अंगणात भर टाकायच्या आधी जोतं किती उंच आहे ते मोजा

काल संध्याकाळी ताईचा फोन आला. अंगणात दोन फूट भर टाकायची आहे, मुरमाचे किती ट्रक लागतील तेवढा हिशेब करून दे, म्हणाली. हे डोक्यात कुठून आलं असं विचारल्यावर तिने एक मेसेज पुढे पाठवला. महिन्याभरात तो मला आणखी तिघांकडून आला होता आणि प्रत्येक वेळी मी तो वाचून सोडून दिला होता. 'सपाट भागात घर असेल तर पावसाळ्याआधी एवढी कामं करा, घरात थेंबभर पाणी शिरणार नाही', असा त्याचा मथळा. खाली यादी: अंगण दोन फूट उचला, कोपऱ्यात शोषखड्डा घ्या, मोठा पाइप टाका म्हणजे उताराची गरज नाही, गच्चीचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडा आणि तुंबलंच तर चेंबरचं झाकण उघडा, जमिनीखालची टाकी रिकामी ठेवा, गटारं साफ ठेवा. आता ताई यातल्या पहिल्या कामावर खरोखरच पैसे घालायला निघाली आहे, म्हणून हे लिहितोय.

भरावापासूनच सुरुवात करतो, कारण त्यातली चूक इतकी उघड आहे की मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकाच्याही ती लक्षात कशी आली नाही, हे मला समजत नाही. ताईच्या घराचं जोतं, म्हणजे अंगणापासून घरातल्या फरशीपर्यंतची उंची, दीड फुटाचं आहे. अंगण दोन फूट वर आलं की ते घरातल्या फरशीपेक्षा अर्धा फूट उंच होणार. म्हणजे रस्त्यावरून पाणी आत येण्याची वाटसुद्धा पाहायला नको, स्वतःच्या अंगणात पडलेला पाऊसच उंबरठा ओलांडून आत येईल. जोतं तीन फुटांचं असतं तरी दोन फूट माती भिंतीला टेकून राहिली असती. भिंतीत ओल चढू नये म्हणून जोत्यावर जो थर घातलेला असतो, त्याच्या जितकी जवळ माती तितका भिंत ओली होण्याचा धोका जास्त. थर मातीखाली गेला की तो असून नसल्यासारखाच.

शिवाय ज्या जागेत भर पडते तिथलं पाणी कुठे जातं? २०० चौरस मीटर अंगणात ६० सेंटिमीटर भर म्हणजे १२० घनमीटर. पूर आला तर याआधी १,२०,००० लिटरपर्यंत पाणी त्या अंगणात थांबत होतं. आता ते शेजाऱ्याकडे जाईल. मग शेजारी भर टाकेल, मग पलीकडचा, आणि शेवटी ज्याला भर टाकणं परवडत नाही त्याच्या घरात पूर्ण गल्लीचं पाणी साचेल. या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो यासाठी.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. नवं घर बांधत असाल तर जोतं माहीत असलेल्या पुराच्या पातळीपेक्षा वर घ्यायलाच हवं. पण त्यात उचलायचं असतं ते घर, अंगण नाही. बांधून झालेल्या घराला फक्त भिंतीपासून बाहेरच्या दिशेने उतार लागतो. पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंटिमीटर एवढा पुरतो. ताईकडे भिंतीशी अर्धा फूट माती आणि तीन मीटरवर शून्य, एवढंच काम आहे. जोत्याचा एक फूट उघडा राहतो आणि ट्रकही मोजकेच लागतात.

आता गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडण्याबद्दल. हे वाचून मी अक्षरशः फोन खाली ठेवला. मैलापाण्याची लाइन घरात वापरलेल्या पाण्यासाठी असते. चार माणसांच्या घरातून दिवसाला साधारण पाच-सहाशे लिटर पाणी तिच्यात जातं. पावसाचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पडला, तर ५,००० लिटर. घराचं आठ-नऊ दिवसांचं सांडपाणी एका तासात त्या लाइनीत ओतायला हा मेसेज सांगतो, तेही गल्लीतल्या प्रत्येकाला. लाइन भरली की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं. ते तोंड म्हणजे तळमजल्यावरचा संडास आणि न्हाणीघरातली जाळी. मग घरात जे साचतं ते पावसाचं पाणी नसतं, मैला असतो. टायफॉइड आणि कावीळ या वाटेने पसरतात.

चेंबरचं झाकण उघडण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. लाइन आधीच तुडुंब असेल तर झाकण काढून पाणी आत जात नाही, उलट आतलं बाहेर येतं. लाइन वाहत असेल तर तिथे ओढ तयार होते. गुडघाभर गढूळ पाण्यात उघडं भोक कोणालाच दिसत नाही. शाळेतून परतणाऱ्या मुलाला नाही, रस्ता पायाखालचा असलेल्या माणसालाही नाही. हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी निदान ही एक ओळ चुकीची आहे, असं त्याच लोकांना आज कळवावं.

शोषखड्डा काही वाईट गोष्ट नाही, पण तो कुठल्या मातीत घेताय ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सिंचनासाठी मातीत पाणी मुरण्याचे वेग दिले आहेत. वाळूत तासाला ३० मिलिमीटरपेक्षा जास्त, पोयट्याच्या मातीत १० ते २० आणि चिकणमातीत फक्त १ ते ५. सपाट, पाणी तुंबणाऱ्या भागात बहुतेकदा नदीने आणून टाकलेला बारीक गाळ आणि चिकणमातीच असते. आता एक मीटर व्यासाचा, दोन मीटर खोल खड्डा घ्या. दगड भरल्यावर त्यात जेमतेम ६०० लिटर पाणी मावतं. मघाच्याच १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ६ मिलिमीटर पाऊस पडला की तो भरला. कडा आणि तळ मिळून सुमारे ७ चौरस मीटर होतात, त्यातून तासाला ३ मिलिमीटर मुरलं तर २१ लिटर. तो रिकामा व्हायला एक दिवसाहून जास्त लागतो, आणि पाऊस तितका वेळ थांबत नाही. भर पावसात भूजल हातभर खोलीवर आलेलं असेल, तर खड्डा खणतानाच भरतो. दोन फुटांचा खड्डा खणून त्यात पाणी ओता आणि तासाभराने किती उतरलं ते बघा. झरझर उतरलं तर खुशाल शोषखड्डा घ्या.

हेच आकडे सबंध अंगणात फरशी घालणाऱ्यांनीही बघावेत. चिकणमाती पाणी फारसं पीत नाही हे खरं, पण तासाला पाच मिलिमीटर म्हणजे २०० चौरस मीटरमध्ये हजार लिटर. फरशी घातली की तेवढंही मुरायचं बंद.

'मोठा पाइप टाका, उतार नको' हे कोणत्याही प्लंबरला विचारा. पाण्याला वेग उतारामुळे येतो आणि तो उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे उतार चौथाई केला तर वेग निम्मा. वेग सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटरच्या खाली गेला की गाळ तळाशी बसू लागतो, आणि मोठ्या पाइपात थोडं पाणी असेल तर ते पसरून आणखी हळू वाहतं. दुसरं म्हणजे पाइप जिथे सुटतो त्या गटाराची पातळी. गटार भरून तुमच्या पाइपाच्या वर आलं तर पाणी उलटं आत येतं, आणि पाइप जितका मोठा तितकं जास्त येतं. तिथे एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. तो मिटला की आपल्या आवारातला पाऊस आवारातच थांबतो, म्हणून त्यासाठी जागा आधी ठेवायला हवी. बागेचा ५० चौरस मीटर भाग आजूबाजूपेक्षा १५ सेंटिमीटर खोल ठेवला तर त्यात ७,५०० लिटर मावतं. तो शोषखड्डा बारा वेळा भरेल एवढं पाणी, तेही फावड्याच्या कामात. भिंतीपासून तीन-चार मीटर दूर घ्या, म्हणजे झालं. चिकणमातीतही ते दोन-अडीच दिवसांत मुरतं. डासांना अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो, त्यामुळे तीही भीती नाही.

जमिनीखालची टाकी रिकामी ठेवू नका. भोवतालची माती पाण्याने भरली की रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाऊ शकते, प्लास्टिकची तर सहज. दहा हजार लिटरच्या टाकीवर वर ढकलणारा जोर दहा टनांपर्यंत जातो.

गटारं साफ ठेवा, हे बरोबर आहे. मेसेजमधलं तेवढं एकच काम जसंच्या तसं करा.

ताईला मी मुरमाचा हिशेब दिलेला नाही. रविवारी गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन तिच्याकडे जातोय. उंबरठा, अंगणाचे चारही कोपरे, रस्त्याकडच्या गटाराचा तळ आणि गेल्या खेपेला भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ, एवढ्या पातळ्या एका कागदावर मांडायच्या आहेत. गटाराचा तळ अंगणापेक्षा किती खाली आहे, तो आकडा मला आधी हवा. त्यावरून चर कुठून काढायचा आणि बागेचा कोणता कोपरा खोल करायचा हे ठरेल.