आझाद हिंद सेना, सावरकर आणि दर मे महिन्यात फिरणारा मेसेज

२८ मे, सावरकर जयंती, जवळ आली की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. २२ जून १९४० रोजी सुभाषबाबू मुंबईला सावरकर सदनात आले. तात्यारावांनी, म्हणजे सावरकरांनी, त्यांना सांगितलं, देशाबाहेर पडा, जपानच्या मदतीने सेना उभारा. जपानातले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्याशी तात्यारावांचं आधीच सूत जुळलेलं होतं. आणि ज्या तरुणांना त्यांनी ब्रिटिश सैन्यात भरती व्हायला लावलं, तेच पुढे आझाद हिंदचे जवान झाले. म्हणजे सेना सावरकरांची, नेताजी नुसते सेनापती. आपल्याकडे याला भोसला मिलिटरी स्कूलचं शेपूटही जोडतात. सावरकरांचं जन्मगाव भगूर आपल्याच तालुक्यातलं, त्यामुळे फॉरवर्ड करताना फारसं कोणी थांबत नाही.

भेट झाली, यात वाद नाही. तारीखही बरोबर आहे. प्रश्न आहे बोलणं काय झालं याचा. मेसेजमधली हकीकत सावरकरांच्या गोटातून आली, तीही युद्ध संपून गेल्यावर. त्या खोलीतल्या दुसऱ्या माणसाने मात्र युद्ध चालू असतानाच लिहून ठेवलंय. 'द इंडियन स्ट्रगल' या आपल्या पुस्तकाच्या उत्तरार्धात सुभाषबाबू सांगतात की त्या दौऱ्यात ते जिनांना भेटले आणि सावरकरांनाही. सावरकरांना आंतरराष्ट्रीय परिस्थितीचं भान दिसलं नाही. ब्रिटनच्या हिंदी सैन्यात शिरून हिंदूंना लष्करी शिक्षण कसं मिळेल, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. मुस्लिम लीग काय नि हिंदू महासभा काय, दोघांकडूनही काही आशा नाही, असा निष्कर्ष सुभाषबाबूंनी काढला. गुप्तता राखायची म्हणून तसं लिहिलं, असं कोणी म्हणेल. पण हे लिहिलं तेव्हा ते कधीच युरोपात पोचले होते आणि ब्रिटिशांशी उघड वैर धरून बसले होते. त्यांच्या पलायनात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जपानचा मुद्दा तर तारखांनीच निकालात निघतो. जून १९४० मध्ये जपान ब्रिटनशी युद्धात नव्हता. मलायात कोटा भारूला जपानी उतरले ते ८ डिसेंबर १९४१ ला, भेटीनंतर जवळजवळ दीड वर्षाने. जपानच्या ताब्यात हिंदी युद्धकैदी नव्हते, मग कसली सेना आणि कुठून? भेटीनंतर दहा दिवसांनी, २ जुलैला, सुभाषबाबू कलकत्त्यात हॉलवेल स्मारक हटवण्याच्या आंदोलनापायी अटकेत होते. उपोषण करून डिसेंबरात सुटले आणि जानेवारी १९४१ मध्ये एल्गिन रोडच्या घरातून रात्री निघून गोमो, पेशावर करत काबूलला गेले. तिथे त्यांनी आधी रशियन वकिलातीचा दरवाजा ठोठावला. तो उघडेना, तेव्हा इटालियन पासपोर्टवर बर्लिन गाठलं. जपानचा आराखडा खिशात असलेला माणूस असा फिरत नाही.

रासबिहारींबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. जपानातल्या हिंदू महासभेच्या शाखेशी ते जोडलेले होते आणि सावरकरांबद्दल त्यांना आदर होता. पण हा माणूस १९१२ च्या, व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकण्याच्या कटातला. १९१५ पासून जपानात राहिलेला, तिथे लग्न करून स्थिरावलेला. टोकियोत कोणाला भेटायचं हे त्यांना मुंबईहून कळवावं लागत होतं का?

आता सर्वात लाडका मुद्दा: जवान सावरकरांच्या भरतीतले.

सेना कशी जन्मली ते बघा. डिसेंबर १९४१ मध्ये मलायातली जित्राची ब्रिटिश फळी कोसळली. १/१४ पंजाब रेजिमेंटचा कॅप्टन मोहनसिंग जंगलात भरकटला आणि जपान्यांच्या हाती लागला. जपानी गुप्तचर अधिकारी मेजर फुजिवारा आणि त्याच्यासोबत काम करणारे हिंदी क्रांतिकारक ग्यानी प्रीतमसिंग यांच्याशी बोलून त्याने कैद्यांतून सेना उभी करायला घेतली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. १७ तारखेला फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांच्या आसपास हिंदी सैनिक आणून बसवले, गोरे सैनिक वेगळे काढलेले. एका ब्रिटिश कर्नलने त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केलं. मग फुजिवारा जपानीत बोलला, त्याचं इंग्रजी झालं, इंग्रजीचं हिंदुस्तानी. शेवटी मोहनसिंग स्वतः बोलला. हजारोंनी हात वर केले, हजारोंनी नाही केले. नकार देणाऱ्यांतल्या पुष्कळांना पुढे न्यू गिनीच्या बेटांवर हमाली करायला पाठवलं गेलं.

मैदानावर बसलेले हे लोक कोण? पंजाब, डोग्रा, गढवाल, बलुच, जाट, गुरखा. त्यांतल्या बऱ्याच पलटणी १९३९ ते ४१ दरम्यान मलायात आल्या आणि त्यांचे अनेक अधिकारी व जुने शिपाई युद्धाआधीच नोकरीत होते. शेवटी-शेवटी कोवळ्या पोरांच्या तुकड्याही पाठवल्या, हे खरं. पण पंजाबातल्या खेड्यातला शीख किंवा मुसलमान पोरगा हिंदू महासभेच्या अध्यक्षाचं ऐकून भरतीला उभा राहिला, असं म्हणायला जरा धीटपणाच लागतो. १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेलं हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेलं, सक्तीच्या भरतीशिवाय. पगार, भाकरी, घराण्याची रीत, गावातल्या पेन्शनरांचा शब्द, ही भरतीची कारणं. आपल्या मराठा पलटणीतली त्या काळातली गाजलेली नावं म्हणजे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीत जर्मनांशी लढताना.

आणि १९४३ नंतर नेताजींनी वाढवलेल्या सेनेत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांनी हिंदुस्थानातल्या कुठल्या भरतीकेंद्राचं तोंडही पाहिलं नव्हतं.

भागलपूरबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. डिसेंबर १९४१ च्या तिथल्या हिंदू महासभा अधिवेशनासाठी केलेल्या अध्यक्षीय भाषणात सावरकर म्हणतात की जपान युद्धात उतरल्यामुळे ब्रिटनच्या शत्रूंचा हल्ला थेट आपल्यावर येऊन ठेपलाय. तेव्हा हिंदूंनी, विशेषतः बंगाल आणि आसामातल्या, एक मिनिटही न दवडता सैन्यात शिरावं. हे अधिवेशन सरकारने बंद पाडलं आणि सावरकरांना गयेला अटक केली, हेही सांगायला हवं. ते सरकारचे ताबेदार नव्हते. पण त्याच महिन्यात मोहनसिंग जपान्यांच्या छावणीत सेना जुळवत होता. एकजण जपानला अडवायला माणसं मागतोय, दुसरा जपानच्या बाजूने. हिंदूंच्या हाती बंदूक आली पाहिजे हे सावरकरांचं धोरण उघड होतं, त्यांनी ते कधी लपवलं नाही. ते पटो न पटो, त्यांचं स्वतःचं होतं. आझाद हिंदची टोपी चढवली की तेच झाकलं जातं.

भोसला स्कूलचं शेपूट पटकन उरकतो. १९३७ मध्ये ते हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे यांनी काढलं, सावरकरांनी नव्हे. हिंदू मुलांना लष्करी शिस्त लागावी, सैन्यात अधिकारी म्हणून जागा मिळाव्यात, यासाठी. देहरादूनची अकादमी कशी असावी हे ठरवणाऱ्या समितीवरही मुंजे होते. त्यांची वाट कमिशनची, बंडाची नाही.

एवढं सांगितलं की शेवटचं उत्तर येतं: तात्यारावांचा डाव आतला होता, आधी बंदूक हातात घ्या, मग तोंड फिरवा. असेलही मनात. पण मग नेताजींना तो कळलेला दिसत नाही. ३१ ऑगस्ट १९४२ ला आझाद हिंद रेडिओवरून त्यांनी जिना आणि सावरकर यांची एका दमात नावं घेतली आणि ब्रिटिशांशी तडजोडीचा विचार अजून करणाऱ्या सगळ्याच नेत्यांना बजावलं की उद्याच्या जगात ब्रिटिश साम्राज्य असणार नाही. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, सिंगापुरात मोहनसिंगच्या हाताखाली आझाद हिंद सेना रीतसर स्थापन झाली.