पाऊण किलोचा टॅब

आमच्या हाउसिंग सोसायटीचा खजिनदार म्हणून माझी निवड बिनविरोध झाली, कारण त्या सभेला मी गेलोच नव्हतो. तेव्हापासून मेंटेनन्सची एक्सेल शीट, टँकरची बिलं, लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार आणि थकबाकीदारांची यादी हा सगळा ऐवज माझ्या फोनवर येऊन पडतो. फोनच्या पडद्यावर शीटचे तीनच रकाने मावतात: फ्लॅट नंबर, नाव आणि अर्धी रक्कम. बी विंगमधल्या काकांकडे चारशे बाकी आहेत की चार हजार, हे शीट बोटाने सरकवल्याशिवाय कळत नाही, आणि सरकवली की काका दिसेनासे होतात. (थकबाकीचा विषय निघाला की ते प्रत्यक्षातही असंच करतात.)

म्हणून टॅब घ्यायचं ठरलं. सोसायटी हे घरात सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे दिवाळी अंकांच्या पीडीएफ. डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलने जाताना, विंडो नशिबात नसली तरी निदान तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर अर्धं टेकून, एखादी दीर्घकथा वाचावी एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे. बजेटबद्दल मी पंधरा हजार म्हणालो, बायको पाच म्हणाली आणि आईने मधला आकडा काढून विषय मिटवला.

दहा हजारांत नवा टॅब मिळतो, नाही असं नाही. पण तो चालू केला की त्याची सगळी ताकद चालू होण्यातच खर्ची पडते. शहाण्या लोकांनी मला सांगितलं की त्याच पैशांत दोन-तीन वर्षांपूर्वीचा, मुळात महाग असलेला टॅब रिफर्बिश्ड घ्यावा. म्हणजे कुणीतरी एक्स्चेंजमध्ये टाकलेला किंवा परत केलेला नग. तो तपासतात, लागेल ते बदलतात, आधीच्या मालकाचा डेटा पुसतात आणि ए ग्रेड, बी ग्रेड अशी प्रतवारी लावून पुन्हा विकतात. ए ग्रेडला ओरखडे जवळजवळ नसतात. बी ग्रेडला असतात. सी ग्रेडबद्दल कुणी बोलत नाही.

इथवर सगळं सरळ होतं. पुढे माझी गाठ या किमतीतल्या टॅबच्या मूळ स्वभावाशी पडली: हलका असतो तो चालत नाही आणि चालतो तो हलका नसतो.

सॅमसंगची २०२१ साली जाहीर झालेली जोडीच घ्या. टॅब ए७ लाइट ८.७ इंची, वजन ३६६ ग्रॅम. टॅब ए८ १०.५ इंची, वजन ५०८ ग्रॅम. बघायला फरक पावणेदोन इंचांचा. पण टॅबचे इंच कर्णावर मोजतात, आणि शाळेत भूमितीच्या तासाला डुलक्या काढलेल्या माणसाला इथे दंड भरावा लागतो: मोठ्याचा पडदा क्षेत्रफळाने छोट्याच्या जवळजवळ दीडपट भरतो. पडदा वाढला की तो उजळत ठेवायला बॅटरी मोठी, बॅटरी मोठी की वजन वाढलं. प्रोसेसरचंही तेच. दोघांतही आठ-आठ कोअर, म्हणजे आत राबणारे गडी. पण छोट्याचे आठही काटकसरी जातीचे आणि मोठ्याच्या आठांतले दोन दणकट, जड कामाला पुढे होणारे. घरात आठ माणसं असून सिलिंडर उचलायला एकही उठत नाही ते घर आणि दोघं तरी उठतात ते घर, एवढा हा फरक आहे.

हलकेपणा आणि वेग दोन्ही एकत्र हवं असेल तर ॲपलने तशी सोय करून ठेवलेली आहे. त्याच वर्षीचा आयपॅड मिनी २९३ ग्रॅमचा आणि भलता चपळ. भारतात तो ४६,९०० रुपयांपासून सुरू झाला होता. म्हणजे ग्रॅमला १६० रुपये. चांदी त्या वर्षी याच्या निम्म्याहून कमी भावात मिळत होती, आणि चांदीला अपडेटही लागत नाहीत.

तेव्हा शनिवारी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा. तिथल्या एका गाळ्यात काउंटरमागे पंचविशीतला एक मुलगा बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "काका, युज काय आहे?"

"वाचन. आणि थोडं एक्सेल. लोकलमध्ये."

"मग छोटा घ्या. लाइट वेट."

"पण चालायला फास्ट पाहिजे."

"मग मोठा घ्या."

एवढ्या प्रामाणिक माणसापुढे पुढचा प्रश्न काय विचारायचा? त्याने दोन्ही काढून काचेवर ठेवले. कुठल्याशा तिसऱ्याच कंपनीचे. छोट्याच्या पाठीवर एका क्लासचा अर्धवट खरवडलेला स्टिकर, त्यातलं 'यशाची' एवढंच शिल्लक. मी आधीच तयार करून नेलेली प्रश्नावली उघडली.

"डिस्प्ले बदललाय का?"

"फोल्डर ओरिजिनल आहे." (फोल्डर म्हणजे टचसकट अख्खा डिस्प्ले.)

"बॅटरी?"

"मस्त आहे."

"मस्त म्हणजे किती टक्के?"

"काका, मस्त."

"वॉरंटी?"

"सात दिवस टेस्टिंग वॉरंटी." म्हणजे सात दिवसांत बिघडला तर त्यांचा, आठव्या दिवशी बिघडला तर आपल्या पत्रिकेचा.

"बिल मिळेल ना?"

"मिळेल ना. जीएसटी वेगळा."

छोट्यावर 'आठ जीबी रॅम' असा रंगीत कागद चिकटवला होता. मी सेटिंग्जमध्ये शिरलो. तिथे चार अधिक चार असं लिहिलेलं. रॅम म्हणजे चालू काम मांडून ठेवायची झटपट जागा, आणि ही दुसरी चार खरी रॅम नव्हेच. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते, आणि स्वस्त टॅबमधलं स्टोरेज रॅमच्या मानाने इतकं संथ की त्या उसन्या जागेवर टाकलेलं काम कण्हतच परत येतं. मुलगा म्हणाला, "टोटल आठच होते ना?" रिपेअर फंडातले पैसे सिंकिंग फंडात दाखवलेले मी ऑडिटच्या आधी पकडलेले आहेत. मला चार अधिक चार सांगायचं नाही.

मग खरी परीक्षा. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून दोनशेहून जास्त पानांचा स्कॅन केलेला एक दिवाळी अंक उतरवला आणि छोट्यावर उघडला. मुखपृष्ठ आलं. पान उलटलं. आधी पांढरा चौकोन. मग करडा चौकोन. मग ज्वेलर्सच्या जाहिरातीतल्या बाईंचं नाक, मग बाई, मग नेकलेस, आणि अगदी शेवटी अक्षरं. तेवढ्यात शेजारच्या गिऱ्हाइकाने स्क्रीनगार्ड निवडला, घासाघीस केली, लावून घेतला आणि आतला बुडबुडा दाबत तो निघूनही गेला. अक्षरं आली तीही अशी की मात्रा आणि अनुस्वार जमावाने उभे. दोन बोटांनी मोठं करायला जावं तर पुन्हा पांढरा चौकोन. दीर्घकथा या टॅबवर फारच दीर्घ झाली असती.

मोठ्यावर तोच अंक झरझर उलटत गेला. अख्खं पान एका नजरेत, चष्मा कपाळावर न चढवता. मी त्यावर आमची शीटही उघडली. सगळे रकाने दिसले. बी विंगचे काका नाव, फ्लॅट आणि संपूर्ण रकमेसकट एका ओळीत सापडले. मला भरून आलं.

आता राहिला प्रवास. मी डावा हात वर करून हवेतला हँडल पकडला, खांद्यावरची बॅग पोटाशी घेतली, उजव्या हातात टॅब धरला आणि ठाण्याला गर्दी आत येते तसा जरासा मागे झुकलो. अर्धा किलो म्हणजे काही फार नव्हे असं पहिली काही मिनिटं वाटतं. मग अंगठा कुरकुरतो. मग करंगळीच्या खाली कड रुतायला लागते. पान उलटायला तिसरा हात लागतो; कारण डावा हँडलला, उजवा टॅबला. नाक वापरून पाहिलं, दोन पानं एकदम उलटली. दुकानातला मुलगा हे सगळं शांतपणे बघत होता.

"काका, बसून वाचा ना."

"मी डोंबिवलीला राहतो."

"अच्छा." तो कल्याणचा निघाला. पुढे त्याने काही सुचवलं नाही.

शेवटी मोठाच घेतला. साडेनऊ हजार, जीएसटीचं बिल धरून, वर टेम्पर्ड ग्लास फुकट. घरी आल्यावर मुलीने केकसाठी आणलेला डिजिटल काटा काढला, कारण आमच्या घरात आता प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये चालली होती. नुसता टॅब ५१०. पडला तर फुटू नये म्हणून घेतलेलं फ्लिप कव्हर २४०. काट्यावर ७५० उमटलं.

"पाऊण किलो," बायको म्हणाली. "अहो, एवढी गवार असते आपल्याकडे आठवड्याला."

शिवाय हा टॅब वायफायवाला, त्याला सिमची खाच नाही. साडेनऊ हजारांत तो का बसला त्याचं हेही एक कारण. म्हणजे नेट हवं तर फोनचा हॉटस्पॉट चालू. हॉटस्पॉट चालू की फोन दादर येईपर्यंत मान टाकतो. म्हणून पॉवर बँक. पॉवर बँकेची वायर फोनला चालते, टॅबला तिच्यावर चार्जिंग मुंगीच्या पावलाने होतं, म्हणून टॅबचा अडॅप्टर वेगळा. हे सगळं काट्यावर रचलं आणि आकडा सव्वा किलोच्या वर गेला. मी उगाच माळ्यावरचा एक छापील दिवाळी अंक काढून तोही तोलला. ४३० ग्रॅम. कव्हर नको, चार्जर नको, ठाण्याला कुणाचं कोपर बसलं तर फुटत नाही, आणि पुढच्या वर्षी रद्दीत थोडे पैसे परत.

"बाबा, तू तो छोटाच घ्यायचास," मुलगी म्हणाली.

"त्यावर वाचता येत नव्हतं."

"पण नेता तर आला असता!"

या वाक्याला उत्तर नाही. कंपन्या अशाच वाक्यांवर टॅब खपवत असाव्यात.

सध्या टॅब स्वयंपाकघरात, बरण्यांना टेकवून उभा असतो. सकाळी त्यावर आई कीर्तन लावते, दुपारी बायको मालिकेचे राहिलेले भाग बघते, संध्याकाळी मुलगी त्यावर अभ्यास करते असं ती सांगते. चित्र ओटीटीवर जरा धूसर दिसतं. मुलीने आत शिरून तपासलं आणि निदान केलं, "वाइडवाइन एल-थ्री आहे." म्हणजे चित्रपट-मालिकांची चोरी रोखणाऱ्या कुलपाचं प्रमाणपत्र खालच्या दर्जाचं असल्यामुळे बरीच ॲप्स त्याला एचडी चित्र देतच नाहीत, रिफर्बिश्ड घेताना हे दुकानातच बघायचं असतं. मी आईला विचारलं, त्रास होतो का. ती म्हणाली, "मला चष्म्याशिवाय सगळंच असं दिसतं रे." कामगिरीबाबत घरातून एकही तक्रार नाही. तसा तो पोर्टेबलही आहे. ओट्यावरून जेवणाच्या टेबलापर्यंत रोज जातो. फीडबॅक विचारला असता तर मी पाच तारे दिले असते, पण मला तो हाताळायला मिळतो रात्री साडेदहानंतर, आणि तेव्हा त्याची बॅटरी 'मस्त' उरलेली नसते.

लोकलमध्ये मी पुन्हा फोनवर आलोय. तीन रकाने, अर्धी रक्कम.

परवा लॅमिंग्टन रोडवरून त्या मुलाचा फोन आला. "काका, एक पीस आलाय. नऊ इंची. तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय."

मी गॅलरीत गेलो, सरकता दरवाजा ओढून घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "किती ग्रॅम?"

"चारशेच्या आसपास असेल. रॅम सहा."

"सहा म्हणजे तीन अधिक तीन?"

"काका, खरी सहा."

"अहो, कुणाचा फोन आहे?" आतून आवाज आला.

"ऑडिटरचा," मी म्हणालो, आणि बॅटरी किती टक्के आहे ते विचारायला लागलो.