बीसीजीचा व्रण नव्या विषाणूला ओळखत नाही

नव्या विषाणूची बातमी आली की थोड्याच दिवसांत एक संदेश फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: "दंडावर बीसीजीचा (क्षयरोगाच्या लसीचा) व्रण असेल तर घाबरू नका. पोलिओ, गोवर, फ्लूच्या लसींनी शरीर आधीच तयार झालेलं असतं. देवीच्या लसीने मंकीपॉक्स अडतो, हे तर सिद्धच आहे. मग नवी लस कशाला? जुन्या लसी स्वस्त म्हणून हे दाबून ठेवतात." यात पाच दावे एकात एक गुंफलेत. त्यातला एक खरा आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचे चार खपतात.

"बीसीजी देणाऱ्या देशांत मृत्यू कमी झाले"

याचा उगम मार्च २०२० मधला. तज्ज्ञांनी तपासण्याआधीच जाहीर झालेल्या एका शोधनिबंधात देशांची तुलना होती: सरसकट बीसीजी देणाऱ्या देशांत कोविडचे मृत्यू कमी, इटली-अमेरिकेसारख्या न देणाऱ्या देशांत जास्त. आकडे बरोबर होते, निष्कर्ष घाईचा होता. बीसीजी देणाऱ्या बहुतेक देशांची लोकसंख्या तरुण होती, साथ तिथे उशिरा पोहोचली होती आणि चाचण्या कमी होत होत्या. मृत्यूचा आकडा खाली ठेवायला या तीन गोष्टी पुरेशा आहेत. पुढे ब्राझील आणि भारतात, म्हणजे बाळांना सरसकट बीसीजी देणाऱ्याच देशांत, काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

देशादेशांची तुलना सोडून एकाच देशातली माणसं शेजारी ठेवली की चित्र स्वच्छ होतं. इस्रायलने १९८२ मध्ये सरसकट बीसीजी थांबवली. तिथे १९७९ ते ८१ मध्ये जन्मलेले (लस घेतलेले) आणि १९८३ ते ८५ मध्ये जन्मलेले (बहुतांश न घेतलेले) यांच्या कोविड चाचण्या तपासल्या. पहिल्या गटात ११.७ टक्के बाधित निघाले, दुसऱ्यात १०.४ टक्के. वय जवळपास सारखं, देश एकच, आणि व्रणाचा फायदा शून्य.

यावर उत्तर येतं की लहानपणीच्या लसीचा असर विरला असेल, ताजी दिली तर उपयोग होईल. तेही करून पाहिलं गेलं. पाच देशांतल्या ३,९८८ आरोग्य कर्मचाऱ्यांना, चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने गट पाडून, कोणाला बीसीजी तर कोणाला नुसतं सलाइन टोचलं. सहा महिन्यांत लक्षणांसह कोविड झाला तो बीसीजी गटात १४.७ टक्क्यांना, सलाइन गटात १२.३ टक्क्यांना. फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा, त्यामुळे बीसीजीने अपाय केला असं कोणी म्हणू नये. पण उपकार केला असंही म्हणता येत नाही. निकाल २०२३ मध्ये छापून आले. संदेश मात्र २०२० मध्येच थांबलेला आहे.

"जुन्या लसींनी शरीर आधीच तयार असतं"

या वाक्यामागचं विज्ञान खोटं नाही, ते फक्त ताणलेलं आहे. बीसीजी ही गायींच्या क्षयरोगाच्या जिवाणूपासून केलेली जिवंत, दुबळी लस, १९२१ पासून वापरात असलेली. ती टोचल्यावर मोनोसाइटसारख्या उपजत प्रतिकाराच्या पेशी काही काळ जास्त चपळ होतात, कारण त्यांच्या काही जनुकांची उघडझाप बदलते. हा परिणाम कोणत्याही एका जंतूपुरता नसतो. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना आधी बीसीजी दिली आणि महिन्याभराने पिवळ्या तापाची जिवंत लस. बीसीजी घेतलेल्यांच्या रक्तात त्या लसीचा विषाणू कमी सापडला.

पण अटी बघा. बीसीजी एका महिन्यापूर्वीची होती, तीस वर्षांपूर्वीची नव्हे. समोर दुबळा केलेला विषाणू होता. आणि मोजलं होतं रक्तातलं प्रमाण, आजारपण किंवा मृत्यू नव्हे. अशी सर्वसाधारण चपळाई काही महिन्यांत ओसरत जाते. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आणि स्मृतिपेशी यांचं काम वेगळं. त्या ठरावीक प्रथिनाचा ठरावीक तुकडा ओळखतात आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. महासाथीत लोकांना वाचवणारी लस ही दुसरी कमाई करून देते.

तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीबद्दल हाच युक्तिवाद सोव्हिएत संशोधकांनी काही दशकांपूर्वी मांडला होता, आणि २०२० मध्ये तो पुन्हा वर आला. तिची अडचण वेगळी आहे. ती जिवंत आहे. लसीकरण अपुरं असलेल्या वस्तीत तिचा विषाणू आतड्यांतून पसरत पसरत पुन्हा लकवा आणण्याइतका बदलू शकतो. याच कारणाने २०१६ मध्ये तिच्यातला टाइप २ चा घटक जगभर काढून टाकला. दुसऱ्याच आजारावर तात्पुरता फायदा मिळेल या आशेवर ती मोठ्यांना घाऊक पाजणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं.

"फ्लूची लस घेतली की निदान नव्या फ्लूपासून सुटका"

२००९ चा एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, आठवा. त्या वर्षीच्या हंगामी लसीतही एच१एन१ होताच. नाव एक, वंशावळ वेगळी. नव्या विषाणूचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे पेशीला चिकटणारं पृष्ठभागावरचं प्रथिन, डुकरांतल्या फ्लूकडून आलेलं होतं. रक्ताचे नमुने तपासले तेव्हा हंगामी लसीने मुलांत नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलीच नव्हती, मोठ्यांत अगदी थोडी. उलट साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांत ती आधीपासून होती. कारण लस नव्हे, तर १९५७ पूर्वी फिरणाऱ्या जुन्या एच१एन१ ची लहानपणी झालेली लागण. तो जुना विषाणू नव्याला दिसायला जवळचा होता.

एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूबाबत आणखी एक गैरसमज आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना हंगामी लस घ्यायला सांगतात, तेव्हा ती बर्ड फ्लूवर चालते असं वाटतं. तशी ती चालत नाही. एकाच माणसाला हंगामी आणि पक्ष्यांचा असे दोन फ्लू एकदम झाले, तर त्यांचे जनुकांचे तुकडे अदलाबदल होऊन तिसराच विषाणू जन्मू शकतो. ती शक्यता कमी करायला ही सूचना असते.

"देवीच्या लसीने मंकीपॉक्स अडतो"

हा तो खरा दावा. १९८० च्या दशकात झैरेमध्ये (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात) रुग्णांच्या घरच्यांची पाहणी केली तेव्हा पूर्वी देवीची लस घेतलेल्यांना मंकीपॉक्सपासून (आताचं नाव एमपॉक्स) सुमारे ८५ टक्के संरक्षण दिसलं. देवी, एमपॉक्स आणि लसीतला व्हॅक्सिनिया हे सख्खे भाऊबंद आहेत. त्यांची प्रथिनं इतकी जुळतात की एकाची ओळख दुसऱ्याला लागू पडते. म्हणून २०२२ च्या साथीत देवीसाठीच तयार झालेली एमव्हीए-बीएन लस वापरता आली: २८ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा, कातडीखाली ०.५ मिली. मात्र देवीचं लसीकरण १९८० च्या सुमारास जगभर थांबलं. नंतर जन्मलेल्यांना तो जुना वारसा मिळालेला नाही.

म्हणून जुनी लस चालेल का, हे विचारण्याआधी नवा विषाणू तिच्या किती जवळचा आहे ते विचारावं. एकाच कुळातला असणंही पुरत नाही. इबोलाची एर्वेबो लस झैरे प्रकारावर उत्तम चालते. २०२२ मध्ये युगांडात सुदान प्रकाराची साथ आली तेव्हा ती वापरता आली नाही. पोलिओचे तर तीनच प्रकार, पण एकाविरुद्धचं संरक्षण दुसऱ्याच्या कामाचं नसतं. आणि २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन या कोरोनाच्या प्रकाराच्या स्पाइकमध्ये, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यासारख्या प्रथिनात, तीसहून जास्त बदल झाले, तेव्हा त्याच विषाणूसाठी केलेल्या लसीची प्रतिपिंडंही निम्मीअधिक बोथट झाली. गंभीर आजारापासून बराच बचाव टिकला, त्यात लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशींचा मोठा वाटा. पण लागण थांबेना.

"स्वस्त म्हणून दाबून ठेवलं"

जे दाबलं म्हणता त्याच्या चाचण्या हजारो लोकांवर उघडपणे झाल्या आणि निकाल नामांकित नियतकालिकांत आले. पुन्हा वापरली जाते ती जुनी लस नव्हे, जुनी रीत. स्पाइक प्रथिनात दोन ठिकाणी प्रोलीन हे अमिनो आम्ल बसवून त्याचा आकार पक्का करायची युक्ती मर्स या आधीच्या कोरोना विषाणूवर काम करताना सापडली, २०१७ मध्ये छापून आली. त्यामुळेच जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोनाचा जनुकीय क्रम जाहीर झाल्यावर १६ मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला एमआरएनए लस टोचता आली.

रीत तयार असली तरी सगळं आपोआप जमतं असंही नाही. हंगामी फ्लूच्या नेहमीच्या मात्रेत प्रत्येक प्रकाराचं १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असतं. त्याच पद्धतीने केलेल्या एच५एन१ लसीला २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती ९० मायक्रोग्रॅमच्या दोन मात्रांसह, कारण आपल्या शरीराला एच५ ची मुळीच ओळख नसते. एका माणसामागे बारापट माल. पुढे प्रतिसाद वाढवणारा घटक मिसळला तेव्हा ३.७५ मायक्रोग्रॅमवर भागलं.

"घेऊन ठेवायला काय जातं?"

जातं. बीसीजी कातडीच्या थरात टोचायची असते, मोठ्यांना ०.१ मिली. सुई खोल गेली तर गळू होतं. आधी लस घेतलेल्याला किंवा क्षयरोगाचा संसर्ग होऊन गेलेल्याला पुन्हा टोचली तर काही दिवसांतच तिथे जखम चिघळू शकते. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत हा जिवंत जिवाणू शरीरभर पसरू शकतो. शिवाय बीसीजीचे साठे मर्यादित असतात. मोठ्यांनी रांगा लावल्या की तुटवडा नवजात बाळांना आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना (त्यांच्या उपचारातही बीसीजी वापरतात) भोवतो.

काही जुन्या लसी साथीच्या काळात जरूर घ्याव्यात, पण वेगळ्या कारणासाठी. १९१८ च्या महासाथीतल्या शवविच्छेदनांचे नमुने पुन्हा तपासले तेव्हा बहुतेकांच्या फुफ्फुसांत फ्लूच्या मागोमाग आलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया आढळला. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूवरची लस विषाणूला अडवत नाही, या दुसऱ्या हल्ल्यातल्या एका मोठ्या शत्रूला अडवते. वयस्कर आणि फुफ्फुसाचे जुने रुग्ण यांची ती राहिली असेल तर उरकून घ्यावी. मुलांचा गोवर-रुबेलाचा डोस चुकवू नये. टोचून द्यायच्या दोन जिवंत लसी असतील तर एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी घ्याव्यात, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जाऊ द्यावेत. मधल्या दिवसांत घेतलेली दुसरी लस नीट लागू न होण्याची शक्यता असते.