जास्त म्युटेशन म्हणजे जास्त वाईट? नाही हो
तुमचा कॅन्सरवरचा लेख आवडला पण एक वाक्य खटकलं, "जितकी म्युटेशन्स जास्त तितका कॅन्सर घातक" (म्युटेशन म्हणजे डीएनएमधली चूक). गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये तर बरेचदा उलटंच दिसतं. २०१३ साली टीसीजीए या कॅन्सरच्या जीन्सवरच्या मोठ्या अमेरिकन प्रकल्पाच्या अभ्यासात याचे चार गट पाडले, त्यात पोल (POLE) जीन बिघडलेला गट म्हणजे डीएनएची कॉपी काढताना प्रूफरीडिंग करणाराच झोपलेला, त्यामुळे चुकांचा नुसता पाऊस, आणि तरी याच पेशंट सगळ्यात चांगल्या राहतात! बहुधा इतक्या चुकांमुळे गाठ इम्यून सिस्टीमच्या नजरेत भरते. खरी भीती पी५३ (पेशींची बेलगाम वाढ रोखणारा जीन) बिघडलेल्या गटाची, तिथे बारीक चुका कमी पण क्रोमोसोमचे तुकडेच्या तुकडे कमीजास्त झालेले असतात.

माझ्या मावशीच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये "एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस" असं लिहिलेलं, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ही दोन प्रोटीन्स गाठीत गायब, आम्ही घाबरलो की हे आता सगळ्या घरात आहे की काय (लिंच सिंड्रोम, म्हणजे याच दुरुस्तीतला आनुवंशिक बिघाड, गूगल करून बसलेलो, नको ते वाचलं). मग मेथिलेशनची (जीनवर रासायनिक खूण बसून तो बंद पडलाय का, हे बघणारी) टेस्ट झाली आणि कळलं की गाठीतच एमएलएच१ जीन बंद पडलाय, आनुवंशिक असण्याची शक्यता फार कमी. हेच जर एमएसएच२ किंवा एमएसएच६ ही दुरुस्तीचीच दुसरी प्रोटीन्स गायब असती तर मात्र बहिणींना, मुलांना जेनेटिक काउन्सेलिंगला न्यायलाच हवं होतं, कारण तेव्हा लिंचची शक्यता जास्त आणि लिंचमध्ये आतड्याचा कॅन्सरपण होतो. लेखात या टेस्टचं नावसुद्धा नाही, ते तेवढं टाका प्लीज.