केप प्रिमरोज गच्चीवर ठेवू नका, तो मेसेज साफ चुकीचा आहे

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या प्रत्येक बागवाल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की केप प्रिमरोज, म्हणजे ते कुंडीत लावायचं फुलझाड, आफ्रिकेचं, म्हणजे उन्हाचं झाड, आपल्या खानदेशात गच्चीवर झकास येईल, रोज दोन टाइम पाणी द्या, पानांनी मान टाकली की अजून द्या, मोठ्या कुंडीत शेणखत भरून लावा, पानांची टोकं वाळली की झाड गेलं समजा आणि तसंही ते एकदाच फुलतं. नवीन लोक हे वाचून हौसेनं रोप आणतात आणि महिनाभरात ते मरतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे आफ्रिका. अरे बाबांनो, आफ्रिका काय सगळी वाळवंट आहे का? केप प्रिमरोजचं खरं नाव स्ट्रेप्टोकार्पस. त्याची पहिली माहीत झालेली जात, रेक्सी, जेम्स बोवी या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाला सापडली, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ नाइस्नाच्या जंगलात, जिथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि हवा गारच असते. ही झाडं वाढतात मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलसर दगडांवर, शेवाळात. यांना १५ ते २५ डिग्री मानवतं, तिशीच्या वर गेलं की कळ्या गळायला लागतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको, भुसावळला पारा ४५ ला टेकतो, गच्चीची फरशी तर त्याहून तापते, तिथे हे झाड दुपारपर्यंत उकडून निघेल.

मग खानदेशात ठेवायचंच नाही का? ठेवायचं ना! आपला उन्हाळा कोरडा असतो म्हणून कूलर चांगला चालतो, आणि कूलरच्या खोलीत हवा गार पण राहते, ओलसर पण राहते, या झाडाला तेच पाहिजे. फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, कोपऱ्यात ठेवा. बाकी वर्षभर पूर्वेची खिडकी सगळ्यात बेस्ट, सकाळचं कोवळं ऊन चालतं, दक्षिणेची असेल तर पातळ पडदा लावा. आपल्याकडे यांचा खरा सीझन दिवाळी ते होळी. तेव्हाही बाहेर ठेवू नका, धुळ्यात थंडीत पारा ७-८ च्या खाली जातो आणि तेवढी थंडी यांना सोसत नाही. आणि घरात गार जागाच नसेल तर सॅक्सोरम नावाची पूर्व आफ्रिकेतली जात बघा, जाडसर छोटी पानं, फिकट निळी फुलं, लोंबत वाढते, ती गरमी बरीच जास्त सहन करते.

आता पाणी, आणि सगळ्यात जास्त झाडं इथेच मरतात. पानांनी मान टाकली म्हणजे तहान लागली असं धरून चालायचं नाही. या झाडाची मुळं बारीक आणि वरवरची असतात, माती सतत ओली राहिली की ती कुजतात, कुजली की पाणी ओढत नाहीत, मग पानं लोळतात, आणि आपण मेसेज वाचून अजून पाणी ओततो. म्हणून आधी कुंडी उचलून बघा. हलकी लागली आणि बोट घातल्यावर माती कोरडी असेल तर पाणी द्या, दोन-तीन तासांत पानं उभी राहतात. पण कुंडी जड आहे, माती ओली आहे आणि तरी पानं लोळलीत, तर पाणी एकदम बंद करा आणि देठ जिथून निघतात तिथे बघा, तिथे मऊ आणि तपकिरी झालं असेल तर मुळं गेलेली आहेत, वरची चांगली पानं कापून घ्या, त्यांच्यापासून नवीन रोपं करता येतात, ते खाली सांगतो. तिसरा प्रकार फक्त उन्हाळ्यात दिसतो, माती ठीक असते पण दुपारच्या झळेनं पानं पडतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. तिथे पाणी नको, जागा बदला.

पाणी बोअरचं असेल तर क्षार साचतात, पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं मिळालं तर ते वापरा. पानांवर फवारा मारू नका, लवदार पानं आहेत, डाग पडतात.

मोठी कुंडी आणि शेणखत, दोन्ही नको. ४-५ इंची उथळ कुंडी पुरते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे) आणि थोडं चाळलेलं गांडूळखत एवढंच मिश्रण, आपली काळी माती तर अजिबात नको, ती पाणी धरून बसते. खतासाठी वेगळं काही आणायला नको, केळीच्या ड्रिपला सोडतात ते १९-१९-१९ बऱ्याच घरी असतंच, लिटरला पाव ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. केळीचा डोस देऊ नका हो, मुळं जळतील.

टोकं वाळण्याचं तर मला फार वाईट वाटतं, कारण यात लोक चांगली जिवंत झाडं फेकून देतात. यांचं पान देठाकडून वाढत राहतं, म्हणजे टोक हा पानाचा सगळ्यात म्हातारा भाग. थंडीत, दिवस लहान झाले की पानावर आडवी स्पष्ट रेघ दिसते, रेघेच्या पलीकडचं पिवळं पडून वाळतं आणि अलीकडचं हिरवंगार राहतं. कात्रीनं रेघेवर कापा, झालं. झाड ठणठणीत आहे.

एकदाच फुलतं हे काही रानटी जातींबद्दल खरं आहे, ज्यांना आयुष्यभर एकच मोठं पान असतं, त्या फुलून बी धरून मरतात. पण नर्सरीत मिळतात ते बहुतेक सगळे संकर बहुवर्षायू असतात. फूल गळल्यावर पीळ पडलेली लांब शेंग येते, ती लगेच खुडली तर पुढच्या कळ्या लवकर येतात.

आणि रोपं विकत घेत बसायची पण गरज नाही. निरोगी पान घ्या, ब्लेडनं मधली जाड शीर काढून टाका, दोन अर्ध्या पट्ट्या राहतील, त्या कापलेल्या बाजूनं ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये उभ्या खोचा आणि वर पारदर्शक डबा झाका, उजेडात पण उन्हात नाही. दीड-दोन महिन्यांत प्रत्येक शिरेच्या बुडाशी एकेक पिल्लू निघतं, रांगच लागते. दिवाळीला लावलं तर होळीच्या सुमारास वेगळी करता येतात, म्हणजे कूलर सुरू व्हायच्या आत ती आपापल्या कुंडीत रुजलेली असतील.