मीठपाणी पाजू नका: कुत्र्याने काही गिळलं तर

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कुत्र्याने काही गिळलं तर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून पाजा, उलटी होईल. नाहीतर तेल पाजा, वस्तू घसरून येईल. टोकदार असेल तर ब्रेड द्या. तीन दिवसांत शीतून पडतंच, एक्स-रेचा खर्च कशाला?’

आधी मीठ, कारण जीव तिथेच जातो. दोन मोठे सपाट चमचे म्हणजे सुमारे 35 ग्रॅम. 9 किलोच्या कुत्र्याला ते किलोमागे जवळपास 4 ग्रॅम पडतं आणि एवढ्याने कुत्रा मरू शकतो. विषबाधा तर 2-3 ग्रॅमलाच दिसते. उलटी झालीच नाही तर सगळं मीठ अंगात मुरतं, रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि झटके सुरू होतात. मोजा गिळलेला परवडला!

शिवाय उलटी प्रत्येक वेळी चालत नाही. सुई, हाडाची कपची, बॅटरी वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा फाडते किंवा जाळते. वस्तू गुळगुळीत असेल आणि पोटातच असेल तर पशुवैद्य अ‍ॅपोमॉर्फिनचं इंजेक्शन देऊन उलटी करवतात. ते साधारण पहिल्या दोन तासांतच जास्त उपयोगी पडतं.

तेलाने काही घसरत नाही. चेंडू अडकतो तो आकारामुळे, कोरडेपणामुळे नव्हे. जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत गेलं तर नीट खोकलाही येत नाही, ते सरळ फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

ब्रेडमध्ये थोडं तथ्य आहे. बारीक टोकदार वस्तूसाठी डॉक्टरही कधीकधी भरड खाणं द्यायला सांगतात. पण पोट भरलेलं असलं की एंडोस्कोपीत (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघताना) काही दिसत नाही आणि भूल देणंही धोक्याचं होतं. म्हणून आधी फोन, मग ब्रेड.

‘तीन दिवस’ हा आकडा कुठून आला कोण जाणे. लहान, गुळगुळीत खडा पडतो, हे खरं. बटण-बॅटरी मात्र अन्ननलिकेत अडकली तर अर्ध्या तासाच्या आत जाळायला लागते. दोन लोहचुंबक आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात, मधली आतडी चिमटून भोक पडतं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकलं तर आतडी त्यावर चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि दोरा त्यांना करवतीसारखा कापतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही.

एक्स-रेवर धातू, दगड, हाड दिसतं. कापड, लाकूड, दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस बहुधा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे’ एवढ्यावर सुटका नाही, सोनोग्राफी लागू शकते.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. खाणं थांबवा, तोंड उघडून जिभेखाली बघा, गिळल्याची वेळ आणि कुत्र्याचं वजन लिहून ठेवा, फोन करा. चघळून उरलेला तुकडा किंवा तसलीच दुसरी वस्तू सोबत न्या, आकार लगेच कळतो. पाणीही उलटून पडत असेल, सारखी लाळ गळत असेल, किंवा पुढचे पाय पसरून ढुंगण वर धरून बसत असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा, रात्र असली तरी.