आधी डबा वजनकाट्यावर ठेवा

मंगळवारी दुपारी मार्केट यार्डातून भाजी वाहणारे एक मामा आपली इलेक्ट्रिक तीनचाकी टोचन करून माझ्या बॅटरीच्या दुकानात घेऊन आले. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी जुनी बॅटरी देऊन ‘ग्राफीन’ची नवी बसवून घेतली होती. एका चार्जिंगमध्ये दीडशे किलोमीटर, पंधरा मिनिटांत फुल, दहा वर्षं बघायला नको, असं विकणाऱ्याने सांगितलेलं. ९० हजार मोजले, त्यातले ५० हजार पतपेढीचे. आता गाडी तिसाव्या किलोमीटरला मान टाकते.

डबा उघडला. आत १८६५० चे सेल, म्हणजे जुन्या लॅपटॉपमध्ये असायचे ते, बोटापेक्षा थोडे जाड. वर नवं कोरं निळं आवरण, पण टोकांवर जुन्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके तसेच. कुठल्यातरी पॅकमधून काढलेले सेल पुन्हा जोडून दिले होते. पाच युनिटचा म्हणून विकलेला पॅक डिस्चार्जला लावला, म्हणजे पूर्ण भरून रिकामा करत मोजला, तर सव्वादोन युनिट निघाले. मामा स्टुलावर बसून तासन्‌तास मीटरकडे बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “भाऊ, पण डब्यावर तर लिहिलंय ना.”

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. ग्राफीन ही खोटी गोष्ट नाही. कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर असतो तो. सेलमध्ये थोडं मिसळलं तर वीज आतून जरा सहज वाहते. पण गाडी जिच्यावर चालते ती ऊर्जा साठवण्याचं काम तिथे लिथियमचंच असतं. नाव नवं आलं म्हणून डब्यात जास्त मावत नाही.

अशा नव्या नावांनी फक्त आपली साधी माणसंच फसतात असं समजू नका. अमेरिकेत टेक्सासमधल्या सीडर पार्क गावात ईईस्टोर नावाची कंपनी होती. बॅटरीच नको, सिरॅमिकचा कॅपॅसिटर (रसायनाशिवाय विजेचा भार थेट धरून ठेवणारा भाग) वापरू, असं तिचं म्हणणं. ५२ युनिट ऊर्जा, ३५०० व्होल्ट, काही मिनिटांत चार्ज. २००५ मध्ये क्लायनर पर्किन्ससारख्या बड्या गुंतवणूकदाराने पैसे घातले. २००७ मध्ये टोरांटोच्या झेन मोटर या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने २५ लाख डॉलर दिले. २००८ च्या जानेवारीत लढाऊ विमानं बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनने करार केला. झेनने तर ताशी १२५ किलोमीटर वेगाची, एका चार्जिंगमध्ये ४०० किलोमीटर जाणारी गाडी २००९ मध्ये आणू, असं जाहीरही करून टाकलं. तो कॅपॅसिटर घातलेली एकही गाडी ग्राहकाच्या दारात आली नाही.

शंका घेणारे तेव्हाही होते आणि त्यांची शंका पक्की होती. कॅपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून ३५०० व्होल्टचा आकडा कागदावर इतका भव्य दिसतो. पण आत जे बेरियम टायटनेट नावाचं सिरॅमिक वापरायचं होतं, त्याची भार धरून ठेवायची ताकद व्होल्टेजचा दाब वाढला की घसरत जाते. कमी दाबाला मोजलेली ताकद तशीच धरून मोठ्या दाबाचा हिशोब केला, की उत्तर हवं तेवढं मोठं येतं. ताकद घसरणार नाही हा कंपनीचा दावा होता, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. लोकांनी करार कोणी केला ते पाहिलं, मोजणी कोणी केली ते विचारलं नाही.

पाच मिनिटांत चार्ज, या वाक्यावर मी जरा थांबतो, कारण ते रोज कुणीतरी मला पाठवतं. ५२ युनिट पाच मिनिटांत भरायचे, तर सव्वासहाशे किलोवॅट लागतात. आमच्या कॉलनीच्या डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीएचा (ढोबळमानाने २०० किलोवॅटचाच) आहे आणि त्यावर चार इमारती चालतात. म्हणजे एकट्या गाडीला असे तीन ट्रान्सफॉर्मरही कमी पडतील. हायवेवर अशी सोय होऊ शकते, चीनमध्ये होतेही आहे, पण त्यासाठी वेगळी लाइन ओढावी लागते, मोठा खर्च करावा लागतो. बॅटरी कितीही चांगली असली तरी आपल्या पार्किंगमध्ये ती पाच मिनिटांत भरणार नाही.

‘पाणी टाका आणि हजार किलोमीटर जा’ हा व्हिडिओही फिरतो. ती ॲल्युमिनियम-एअर बॅटरी. इंडियन ऑइलने इस्रायलच्या फिनर्जीबरोबर त्यासाठी संयुक्त कंपनी काढली आहे आणि तंत्र खरं आहे. पण ती प्लगला लावून चार्ज होत नाही. ॲल्युमिनियमच्या प्लेट झिजतात, नव्या घालाव्या लागतात. एक किलो ॲल्युमिनियम कारखान्यात तयार करायलाच चौदाएक युनिट वीज जाते. पाण्यावर गाडी चालत नाही, ॲल्युमिनियमवर चालते. व्हिडिओत हे कोणीच सांगत नाही.

मी नव्याच्या विरोधात नाही. माझं पोट त्यावरच चालतं. त्याच टेक्सासमध्ये, सीडर पार्कपासून जवळच ऑस्टिनच्या विद्यापीठात, जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लोह-फॉस्फेटच्या बॅटरीचं काम झालं आणि १९९७ मध्ये त्यावर निबंध छापून आला. त्याचे पहिले लेखक अक्षय पाढी, आपल्या भारतातले! आज रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांत, तीनचाक्यांत हीच एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी आहे. प्रयोगशाळेतून इथपर्यंत यायला तिला वीसेक वर्षं लागली. सेलचा एकेक दोष काढत, किंमत उतरवत ती आली. २०१९ मध्ये गुडइनफना नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

टोयोटासारख्या कंपनीनेही सॉलिड स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या) बॅटरीच्या गाड्या २०२० नंतर लवकरच आणू म्हटलं होतं. २०२३ मध्ये तीच तारीख २०२७-२८ वर गेली. मी याला फसवणूक म्हणत नाही. पैसा, माणसं, कारखाने सगळं असूनही इतका उशीर होतो, एवढं हे काम अवघड आहे. मग तेच आपण आधीच केलंय असं गाळ्यातला एजंट सांगतो, तेव्हा तुम्ही खिशात हात का घालता?

पुण्यात केपीआयटी या कंपनीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोडियमची बॅटरी दाखवली, आयसर या विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर काम करून. त्यांनी सांगितलेला आकडा किलोला १०० ते १७० वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट). चांगल्या लिथियम सेलपेक्षा कमीच. मला त्या बातमीचा भरवसा वाटला तो या लहान आकड्यामुळेच. वजन सांगितलं, म्हणजे उद्या कोणीही काट्यावर ठेवून तपासू शकतं.

मामांना मी दुसरा पॅक लगेच घ्या म्हटलं नाही. आहेत त्यातले बरे सेल निवडून चाळीसएक किलोमीटरपुरता पॅक बांधून दिला, म्हणजे रोजची एक फेरी तरी सुटेल. विकणाऱ्याच्या दुकानाला कुलूप आहे. बिल कच्चं, त्यावर ना सेलचा प्रकार, ना चार्जिंगच्या सायकलची हमी, ना बॅटरीच्या सुरक्षिततेच्या एआयएस-१५६ चाचणीचा उल्लेख. ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) अर्ज करायचा आहे. डिस्चार्ज टेस्टचा कागद मी सही करून दिलाय.

नाशिक, सातपूर, अंबड भागात कोणाला नवीन पॅक घ्यायचा असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी तो माझ्याकडे घेऊन या. वजन करू, रात्रभर डिस्चार्जला लावू, सकाळी आकडा हातात देईन. त्याचे पैसे घेणार नाही. विकणारा तपासायला देत नसेल, तर तेही मला कळवा.